राजाचे भगंदर

इ. स. १६८६ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस सयामच्या राजाचे वकील व्हर्सायच्या आरसेमहालात चौदाव्या लुईच्या भेटीस आले, तेव्हा महालाच्या दूरच्या टोकास उंच चौथऱ्यावर मांडलेल्या रुप्याच्या सिंहासनावर हिऱ्यांनी लखलखणारा पोशाख घालून बसलेला तो राजा त्यांना सूर्यासारखा भासला असल्यास नवल नाही. कारण तसे भासावे म्हणूनच तो महाल, ते आरसे आणि तो चौथरा यांची सिद्धता झालेली होती. वकिलांनी हात जोडून जमिनीस मस्तक टेकविले, दुभाष्यांमार्फत भाषणे झाली, नजराणे मांडले गेले. परंतु या साऱ्या सोहळ्यात सिंहासनावर स्वस्थ बसून राहणे हीच राजाला सर्वांत कठीण गोष्ट होती, हे जवळची मोजकी माणसे जाणून होती. गेले काही महिने त्याच्या गुदद्वाराशेजारी एक व्रण वाहत होता. तो बुजत नव्हता, आणि बसावयाचे म्हटले की वेदना उठत असे.

हे दुखणे जानेवारीत सुरू झाले. गुदापासून दोन बोटे अंतरावर एक लहानशी गाठ हाताला लागू लागली. प्रथम ती दुखत नव्हती, मग दुखू लागली, सुजली, तांबडी झाली आणि फेब्रुवारीत राजास अंथरूण धरावे लागले. राजाच्या प्रकृतीची रोजनिशी ठेवण्याचा रिवाज त्याच्या बालपणापासून होता व ती लिहिण्याचे काम मुख्य राजवैद्याकडे असे. त्या वेळी त्या पदावर आंत्वान दाकँ हा गृहस्थ होता. दरबारात राजाच्या मांडीस गळू झाल्याचे सांगण्यात आले, आणि दांझोसारख्या नित्य टिपणे ठेवणाऱ्या दरबाऱ्यानेही तसेच लिहून ठेवले. मांडी हा अवयव दरबारी भाषेत उच्चारता येत होता, एवढेच त्याचे कारण.

या रोगाची घडण अशी की, गुदमार्गाच्या आतल्या कडेस ज्या सूक्ष्म ग्रंथी असतात त्यांपैकी एखादी दूषित झाली म्हणजे तेथे पू साठतो, आणि बाहेर पडावयास वाट नसल्यामुळे तो मांस पोखरीत त्वचेच्या दिशेने सरकतो. या अवस्थेस विद्रधी म्हणावे, आणि विद्रधीस विलंब मानवत नाही. नस्तराने तो वेळीच पुरता उघडला तर रोगी त्याच दिवशी सुखाने झोपतो, आणि न उघडला तर पू वाटेल तिकडे पसरून ज्वर, दाह व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. वेळीच उघडूनही काही रोग्यांत आतले तोंड मिटत नाही आणि आतून बाहेरपर्यंत एक नळी कायमची राहते, तेच भगंदर. दाकँने गाठीवर लेप बांधले, पोटिसे लावली, आणि गाठ पुरती पिकल्यावरही सुरी न लावता दाहक क्षाराचा खडा लावून ती जाळून उघडविली. भोक पडले, पू आला, राजास बरे वाटले. परंतु छिद्र अरुंद राहिले, ते मिटे व पुन्हा फुटे, आणि मे महिन्याच्या सुमारास सलई घालून पाहता ती थेट आतड्यापर्यंत जाते, हे नाकारण्याची सोय कोणालाही उरली नाही.

सुरी का लावली नाही, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकात नसून दरबाराच्या उतरंडीत आहे. पॅरिसच्या विद्यापीठातील वैद्य लॅटिन बोलत, लांब झगे घालीत, मूत्र पाहून व ग्रंथ उघडून निदान सांगत. रक्ताला हात लावणे त्यांच्या प्रतिष्ठेस बाधक होते. हाताचे काम जर्राहांचे, आणि १६५५ साली तर पॅरिसच्या जर्राहांचा संघ न्हाव्यांच्या संघाशी एकत्र जोडला गेल्यामुळे शस्त्र धरणारा आणि दाढी करणारा यांची गणना एकाच पंक्तीत होऊ लागली होती. आपल्या इकडे तरी निराळे काय झाले? गळवे फोडण्याचे काम पुढे खेडोपाडी न्हाव्याकडेच गेले, आणि वैद्यबुवा चाटणाची पुडी बांधून देऊन मोकळे झाले. सुश्रुताने मात्र अर्श आणि भगंदर या दोहोंची गणना आठ महागदांत, म्हणजे स्वभावतःच दुश्चिकित्स्य अशा रोगांत केली आणि भगंदराचे पाच प्रकार सांगून शस्त्र, क्षार व अग्नी असे तिन्ही उपाय नोंदविले. भित्र्या, दुर्बल रोग्याच्या नाडीव्रणातून क्षार लावलेला दोरा ओवून तो हळूहळू मांस कापील अशी युक्तीही त्याच संहितेत आहे. ग्रीकांच्या हिप्पोक्रेटीसपरंपरेतल्या ग्रंथातही जवसाच्या धाग्याला घोड्याचा केस गुंफून असाच फास आवळण्याचा विधी आढळतो.

लुईच्या वैद्यांना दूर जाण्याचीही गरज नव्हती. समुद्रापलीकडे इंग्लंडात नेवार्क गावच्या जॉन आर्डर्न नावाच्या शस्त्रवैद्याने १३७६ च्या सुमारासच या एकाच रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धात थंडीपावसात चिलखत घालून दिवसचे दिवस घोड्यावर बसणारे सरदार त्याचे गिऱ्हाईक. त्यांच्या भगंदरांतून सलई घालून, दोरा ओवून, मधले मांस एका चिऱ्याने मोकळे करण्यात त्याने लौकिक आणि पैसा दोन्ही मिळविले. श्रीमंताकडून चाळीस पौंड, वर पोशाख, आणि आयुष्यभर दरसाल शंभर शिलिंगांचे वर्षासन मागावे, आणि शंभर शिलिंगांच्या खाली तर कोणाशीच ठरवू नये, असे त्याने शिष्यांना खुल्या मनाने बजावले आहे. त्याच्या लोभावर हसणाऱ्यांनी त्याच ग्रंथातला दुसरा उपदेशही वाचावा: गुदाजवळचे गळू आपोआप फुटण्याची वाट पाहू नये, शस्त्राने अगोदरच फोडावे, नाही तर भगंदर होते. व्हर्सायला हे वाक्य तीनशे वर्षे उशिरा पोहोचावयाचे होते.

शस्त्राचे नुसते नाव निघाले तरी राजाच्या आधी मंत्रीच घाबरत, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. आदल्याच वर्षी नांतचे अभयपत्र रद्द करून लुईने आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेस देशोधडीस लावले होते. १६८६ च्या जुलैत ऑग्सबुर्ग येथे त्याच्या शत्रूंनी संघ स्थापला. आणि त्याच्या मरणाची बातमी ऐकण्यास हॉलंडपासून व्हिएन्नापर्यंत कान टवकारलेले होते. राजाचे आजारपण राज्याला कोठे नेते याचे उदाहरण फ्रेंचांना पुस्तकातूनही ठाऊक होते, कारण शाहजहानास १६५७ साली मूत्रावरोध होऊन तो झरोक्यात दिसेनासा झाला आणि चार शहजाद्यांच्या तलवारी बाहेर पडल्या, ती सारी हकीकत फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्यानेच १६७० मध्ये पॅरिसला छापून प्रसिद्ध केली होती. त्या लढाईत जिंकलेला शहजादा आता साठीपलीकडे जाऊन विजापूरला वेढा घालून बसला होता. त्याच सप्टेंबरात आदिलशाही बुडाली. या भीतीपोटीच व्हर्सायच्या मुत्सद्द्यांनी दुखण्याची बातमी दाबून ठेवली आणि सुरीखेरीज दुसरा कोणताही उपाय सापडतो का, याचा शोध आरंभला.

तो शोध मोठा मौजेचा आहे, आणि मला तर या सर्व प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. दाबूनही राजाचे दुखणे बाहेर फुटताच गावोगावचे औषधवाले राजवाड्याच्या दाराशी गोळा झाले. कोणी म्हणाले, पिरेनीज पर्वतातल्या बारेजच्या झऱ्याचे पाणी रामबाण. लगेच हीच व्याधी जडलेली चार माणसे शोधून, सरकारी खर्चाने, एका जर्राहाच्या देखरेखीखाली बारेजला पाठविण्यात आली. त्यांच्या भगंदरांत ते पाणी पिचकारीने बरेच दिवस सोडण्यात आले, आणि ती गेली तशीच परत आली. दरबारातील एक बाई बूर्बोंच्या पाण्याने बरी झाल्याचे सांगू लागली, म्हणून दुसरे चौघे तिकडे रवाना झाले. त्यांनाही गुण आला नाही. मग एक डोमिनिकन पंथाचा साधू स्वतःचे पाणी घेऊन आला, आणखी एकजण मलम घेऊन आला. तेव्हा युद्धमंत्री लुव्वा याने आपल्या कचेरीच्या वाड्यात खोल्या सजवून भगंदराचे रोगी आणून ठेवले आणि प्रत्येक औषधवाल्याला सांगितले की, यांना बरे करा, मग राजाचे बघू. मुख्य जर्राह फेलिक्स याच्या डोळ्यांसमोर हे प्रयोग चालले. एकही बरा झाला नाही. ही सारी हकीकत पिएर दिओनी या समकालीन शस्त्रवैद्याने १७०७ साली छापलेल्या आपल्या शस्त्रक्रियांच्या पाठांत लिहून ठेवली आहे. औषधाचा दावा आधी दुसऱ्यांवर पारखून घ्यावा ही बुद्धी मंत्र्याला सुचली, वैद्याला नव्हे. मात्र ज्या गरिबांच्या अंगावर ती पारख झाली त्यांना कोणी विचारले असेल, असे दिओनीच्या लिखाणावरून दिसत नाही.

शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स हा बापाच्या मागून १६७६ पासून राजाचा मुख्य जर्राह होता. हात चांगला असूनही हे विशिष्ट काम त्याच्या रोजच्या सरावातले नव्हते, आणि एवढे कबूल करण्याचे शहाणपण त्याच्यापाशी होते. त्याने काही महिने पॅरिसच्या इस्पितळांतील भगंदराचे गरीब रोगी घेऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतले काही दगावले व त्यांची प्रेते पहाटेच्या अंधारात गुपचूप पुरली, अशी कथा पुढे रूढ झाली. या सरावातून त्याने खास एक हत्यार घडविले. वाकड्या पात्याची अरुंद सुरी, तिच्या टोकास रुप्याची लांब, लवचीक सलई जोडलेली आणि धारेवर कवच बसविलेले. सलई बाहेरच्या छिद्रातून नळीत सारावयाची, आत घातलेल्या बोटाने तिचे टोक चाचपून गुदमार्गावाटे बाहेर ओढावयाचे, तिच्यामागोमाग पाते नळीत पुरते शिरले की कवच काढून घ्यावयाचे आणि दोन्ही टोके धरून स्वतःकडे ओढावयाची. म्हणजे दोन छिद्रांमधले सर्व मांस एका झटक्यात दुभंगते आणि नळीची उघडी खाच होते. खाच तळापासून भरत येते, नळी भरत नाही. भगंदराच्या चिकित्सेचे सारे मर्म यात आहे. धोका एवढाच की, मल आवरून धरणारी वर्तुळाकार स्नायू अधिक कापला गेला तर रोगी भगंदरातून सुटतो आणि जन्मभर मळलेल्या वस्त्रांत राहतो. ते सुरीच्या ओढीवर, म्हणजे हाताच्या अंदाजावर अवलंबून असते, आणि हा अंदाज फेलिक्सने परक्यांच्या अंगावर शिकून घेतला होता. त्या हत्याराला पुढे ‘राजशाही’ म्हणू लागले. पॅरिसच्या वैद्यकीय संग्रहालयात ते आजही ठेवलेले आहे.

नोव्हेंबरच्या मध्यास दरबार फोंतेनब्लोच्या मुक्कामाहून व्हर्सायला परतला. दिवस ठरला तो १८ नोव्हेंबर, सोमवार. आदल्या दिवशी राजा नेहमीप्रमाणे बागेत फिरला, जेवला, आणि कोणालाही काही सुगावा लागला नाही. युवराज शिकारीला गेलेला होता. त्याला मुद्दामच सांगितले नव्हते. सकाळी सातच्या सुमारास शयनगृहात जमली ती मंडळी अशी: मादाम द मँतनों, जिच्याशी राजाचा गुप्त विवाह झालेला होता, लुव्वा, धर्मगुरू ला शेज, दाकँ आणि त्याचा पुढला प्रतिस्पर्धी फागों हे वैद्य, फेलिक्स, बेसिएर नावाचा पॅरिसचा दुसरा नामांकित जर्राह, एक शागीर्द, आणि औषधे तयार करणारे चौघे. राजाने हत्यारे मागवून घेतली, एकेकाचा उपयोग विचारला, आणि पलंगाच्या कडेशी पोटाखाली उशी घेऊन पालथा झाला. पाय फाकवून दोघांनी धरले. भूल देणारे औषध जगात यावयास आणखी एकशे साठ वर्षे होती.

सुरीचे दोन छेद आणि नंतर कात्रीचे आठ, असे ते काम झाले. कात्री लागली ती नळीच्या काठचे कठीण झालेले मांस कातरून टाकण्यास. राजाने हूं की चूं केले नाही, याविषयी सर्वांचे एकमत आहे. मला राजा समजून हात आखडू नका, एखाद्या शेतकऱ्याला बरे करावे तसे करा, असे तो मध्येच म्हणाला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, गेल्या दहा महिन्यांत कोणीही त्याला शेतकऱ्यासारखे वागविले नव्हते आणि त्यामुळेच ही वेळ आली होती, एवढे मात्र खरे. जखमेत वाती भरून पट्टी बांधली. मग जणू आतापर्यंत वाहिलेले रक्त पुरेसे नव्हते म्हणून हाताची शीर सोडून आणखी रक्त काढले. वैद्यांनाही काही तरी केल्याचे समाधान हवे होते.

त्याच दिवशी राजाने अंथरुणावरूनच मंत्र्यांची मसलत घेतली. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रांच्या वकिलांना भेटीस बोलावले. त्यांनी पाहिले की राजा बोलतो आहे, प्रश्न विचारतो आहे, आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळतो आहे. खलित्यांतून जी बातमी जावयास हवी होती ती अशा रीतीने गेली. परंतु जखम वरून लवकर मिटू लागली आणि खाली पोकळी राहील असे भय वाटू लागले. म्हणून डिसेंबरात पुन्हा कात्री चालवावी लागली. हे दुसऱ्यांदाचे कापणे पहिल्याहून असह्य होते. जानेवारीत राजा उठून हिंडू लागला, आणि महिनाअखेर पॅरिसला जाऊन त्याने नोत्रदामच्या देवळात ईश्वराचे आभार मानले व नगरसभेच्या वाड्यात शहरवासीयांच्या पंक्तीस भोजन घेतले.

मग जे घडले ते केवळ दरबारातच घडू शकते. लपविण्याचा रोग एकाएकी मिरविण्याचा झाला. दिओनी सांगतो की, तिसांहून अधिक माणसे त्याने स्वतः पाहिली, ज्यांना राजासारखी शस्त्रक्रिया करून हवी होती आणि तुम्हांला तिची जरुरी नाही असे सांगितले असता ज्यांना राग आला. कोणाला नुसती मूळव्याध, कोणाला तीही नाही. परंतु जो रोग पूर्वी अंधारात कण्हत सोसावयाचा, तो आता बारशाच्या पेढ्यांसारखा सांगत सुटण्याजोगा झाला होता.

राजाच्या आरोग्याचा उत्सव एका माणसाच्या मात्र जिवावर बेतला. दरबारचा संगीताधिपती जाँ-बातीस्त ल्युली याने ८ जानेवारी १६८७ रोजी पॅरिसच्या फय्यां मठाच्या देवळात आपले स्तोत्र स्वखर्चाने गायविले. दीडशेच्या वर गायक-वादक होते. ताल देण्यासाठी हातातली जड काठी जमिनीवर आपटताना ती त्याच्याच पायाच्या बोटावर बसली. बोट पिकले. वैद्याने प्रथम बोट कापा म्हटले, मग पाऊल, मग पाय. प्रत्येक वेळी ल्युलीने दिरंगाई केली, आणि दरम्यान शस्त्राशिवाय बरे करतो म्हणणारा एक भोंदूही गाठ पडला. २२ मार्चला तो कोथाने मेला. राजासाठी लुव्वाच्या वाड्यात पारख घडली होती. ल्युलीला ती करून देणारा मंत्री नव्हता.

बक्षिसांची यादी दप्तरी आहे. फेलिक्सला दीड लाख लिव्र आणि मूलिनोची जमीन, पुढे सरदारकी. दाकँला एक लाख, फागोंला ऐंशी हजार, बेसिएरला चाळीस हजार. औषधे तयार करणाऱ्या चौघांना बारा-बारा हजार. वैद्याहून जर्राहास अधिक मिळाले, ही त्या दरबारातली अपूर्व गोष्ट. दाकँच्या लाखाविषयी मात्र माझे मत अनुदार आहे: ज्या दुखण्याचा निकाल फेब्रुवारीत एका चिऱ्याने लागण्याची आशा होती ते त्याने नोव्हेंबरपर्यंत पोसले, आणि त्याबद्दल इनाम घेतले. १६९३ साली तो पदच्युत झाला, तो निराळ्याच कारणांनी, नातेवाइकांसाठी सतत याचना करून राजास त्याने विटविले म्हणून; त्याच्या जागी फागों आला. फेलिक्सविषयी सांगतात की, त्या सकाळच्या ताणाने त्याचा हात जो कापू लागला तो पुढे स्थिर झाला नाही. १७०३ मध्ये तो वारला आणि जॉर्ज मारेशाल हा मुख्य जर्राह झाला.

१७१५ च्या ऑगस्टमध्ये राजाचा पाय दुखू लागला. फागोंने वाताची कळ म्हणून निदान केले आणि गाढविणीचे दूध व वनस्पतींचे स्नान सांगितले. मारेशाल शंका घेत राहिला, परंतु फागोंपुढे त्याचे चालले नाही. पायावर काळे डाग उमटल्यानंतर त्याने सुरी घालून पाहिले तेव्हा कोथ हाडापर्यंत पोहोचलेला होता. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस, सयामी वकिलांच्या भेटीस एकोणतीस वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, राजा मरण पावला. मारेशाल व त्याचा सहकारी ला पेरोनी यांनी नव्या राजाकडून १७३१ साली शस्त्रवैद्यांची अकादमी स्थापन करविली, आणि १७४३ च्या फर्मानाने पॅरिसचे जर्राह न्हाव्यांपासून कायमचे वेगळे काढण्यात आले. मात्र त्यापुढे जर्राह होऊ इच्छिणाऱ्यास विद्यापीठाची कलाशाखेची पदवी, अर्थात लॅटिनसह, घ्यावी लागू लागली.